देहछाया

हॉलमध्ये माणसं नसली की वायफाय फार शहाण्यासारखं वागतं, असं निरंजन वाळिंबेचं अनुभवाअंती झालेलं मत होतं. भिंती जागच्या जागी असतात, खांब येरझाऱ्या घालत नाहीत, कपाटं मध्येच उठून पाणी प्यायला जात नाहीत. सगळा घोटाळा माणूस आत आला की सुरू होतो.

हे तो हसत सांगायचा, पण त्याचा धंदाच या घोटाळ्यावर चालला होता. पुण्यातल्या एका कंपनीतर्फे तो गावोगावच्या सामायिक कार्यालयांत इंटरनेटचं जाल बसवून द्यायचा. एका गावाचं काम संपलं की दुसऱ्या गावाचं. स्वतःच्या फ्लॅटमध्ये तो इतका कमी दिसायचा की सोसायटीतल्या लोकांना तो मालक आहे की भाडेकरू, हेही नक्की सांगता आलं नसतं. त्याला विचारलं असतं तर तो म्हणाला असता, की आपल्याला एकटं राहायला आवडतं. बरीच वर्षं कुणी विचारलं मात्र नव्हतं.

इचलकरंजीतली 'शेजार' ही जागा मुळात यंत्रमागांची शेड होती. माग भंगारात गेल्यावर मालकीणबाई सन्मती मगदूम यांनी तिथे टेबलं-खुर्च्या मांडल्या आणि घरून काम करणाऱ्या लोकांना बसायला जागा दिली. गावात अशी माणसं बरीच झाली होती. कुणी जर्मनीतल्या इमारतींचे आराखडे काढायचं, कुणी दुबईतल्या मुलांना गणित शिकवायचं, आणि सगळी दिवसभर आपापल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसायची. सन्मतीबाईही तशाच बसायच्या. नवरा गेलेला, मुलगी हॅम्बुर्गला, आणि ज्या शेडमध्ये चाळीस वर्षं कानाला दडे बसायचे ती आता गप्प. त्या शांततेने त्यांची झोप उडाली होती. म्हणून 'शेजार'.

अडचण एकच होती. शेडला लोखंडी खांब, वर पत्रा. साधे राउटर लावून पाहिले तर लहरी पत्र्यावर आपटून एकमेकींच्याच अंगावर यायच्या आणि नेट दर घटकेला पडायचं. तेव्हा निरंजनला बोलावणं गेलं.

त्याने आधी पायाची कामं केली. दोन वेगळ्या कंपन्यांच्या केबल दोन वेगळ्या रस्त्यांनी आत आणल्या, म्हणजे एका रस्त्यावर खोदाई झाली तरी दुसरी शाबूत. मागांच्या वायरी जायच्या त्या फरशीखालच्या चरांतून नव्या तारा ओढल्या. वीज गेली तर बॅटरी. मग प्रत्येक खांबावर त्याने तळहाताएवढी पांढरी पेटी बसवली, आणि सन्मतीबाई पदर खोचून विचारत्या झाल्या, "साहेब, एवढ्या पेट्या कशापायी? एक मोठी बसवायची की."

"मोठी चालणार नाही, मॅडम."

"मॅडम नको. अक्का म्हणा. सगळी म्हणतात."

निरंजनने शिडीवरून उतरून समजावलं. "या पेट्यांतून निघणाऱ्या लहरी फार बारीक असतात. दिव्यासारख्या चहूकडे पसरत नाहीत, एका रेषेत जातात. आम्ही त्यांना किरणशलाका म्हणतो. त्यांच्यातून माहिती प्रचंड जाते, पण एक खोड आहे. मध्ये माणूस आला की शलाका अडते. आपल्या अंगात पाणी जास्त, ते लहर पिऊन टाकतं. माणसाच्या मागे जी लहरींची सावली पडते तिला देहछाया म्हणतात."

"म्हणजे आमच्या सभासदांतली कल्याणी उठून चालली, की मागच्या सुकुमारचं नेट गेलं."

"बरोबर. म्हणून हे जाल पूर्ववेधी आहे. ते देहछायांवर लक्ष ठेवतं. नाव, चेहरा काही कळत नाही त्याला, नुसते ठिपके. कोणता ठिपका कधी उठतो, कुठून जातो, हे ते शिकतं. आणि माणूस आडवा यायच्या आधीच शलाका दुसऱ्या खांबावरून फिरवतं."

"आडवं यायच्या आधीच बाजूला व्हायचं," अक्का म्हणाल्या. "आमच्या जाऊबाई अशाच होत्या. घरात कधी भांडण न्हाई. आणि कधी बोलणंबी न्हाई."

निरंजन हसला. पुढे त्याला हे वाक्य अनेकदा आठवलं.

जालाला शिकवायचं तर हॉलमध्ये माणसं हवीत. पण सभासद म्हणत होते, नेट चांगलं झालं की येतो. आणि नेट शिकल्याशिवाय चांगलं होणार नव्हतं. अशा वेळी या धंद्यातले लोक जे करतात तेच निरंजनने केलं. तो स्वतःच सगळी माणसं झाला. एका खुर्चीवर बसून काम करायचा, मग दुसऱ्या. कपाटाकडे जायचा, खिडकी उघडायचा, परत यायचा. मोकळ्या शेडमध्ये एकटा माणूस दिवसभर जागा बदलत फिरतोय हे बघून रस्त्यावरच्या लोकांनी त्याच्याबद्दल काय समज करून घेतला असेल कोण जाणे.

आणि चार वाजता अक्का किटली घेऊन यायच्या.

शेडच्या मधोमध, एका खांबाला लागून, जुनं शिसवी टेबल होतं. माग चालू असताना चारचा चहा तिथेच व्हायचा. अक्कांचे सासरे चारला मेन स्विच खाली ओढायचे, सगळे माग थांबायचे आणि कामगार, माग दुरुस्त करणारे जॉबर, मालक एकाच टेबलाभोवती उभे राहून चहा प्यायचे. 'शेजार'मध्येही तीच रीत ठेवायची, असं अक्कांनी ठरवलं होतं. त्यासाठी एक पितळी घंटाही आणून ठेवली होती.

पहिल्या दिवशी निरंजनने चहा उभ्यानेच घेतला. दुसऱ्या दिवशी खांबाजवळचं स्टूल ओढलं, कारण तिथून पेटीवरचा हिरवा दिवा दिसायचा. मग ते त्याचं स्टूलच झालं. अक्का सांगायच्या, की मागांच्या आवाजात बोलणं ऐकू यायचं नाही म्हणून इथली माणसं ओठ वाचायला शिकली. अजून त्यांना लांबून कुणाचेही ओठ वाचता यायचे.

"तुम्ही मघाशी खिडकीपाशी एकटंच बोलत होता," त्या म्हणाल्या. "'बरं झालं, बरं झालं' म्हणत होता."

निरंजनला लाज वाटली. आपण एकटे असताना बोलतो, हे त्याला माहीतच नव्हतं. पण त्याहून नवल हे, की साडेतीन वाजल्यापासून आपलं लक्ष घड्याळाकडे असतं हेही त्याला त्याच दिवशी कळलं. कुणीतरी आपल्यासाठी कप विसळून ठेवलाय, ही गोष्ट त्याच्या आयुष्यात फार दिवसांत घडली नव्हती. ती त्याला आवडली.

शिकवणं पूर्ण झालं. जालाचे आकडे उत्तम होते. निरंजनने त्या सगळ्या दिवसांवर 'आदर्श स्थिती' असा शिक्का मारला, म्हणजे यापुढे जालाने आपली कामगिरी या दिवसांशी ताडून पाहायची. मग तो बॅग भरून पुढच्या गावाला गेला.

*

काही महिन्यांनी अक्कांचा फोन आला.

"नेट बिघडलं का?" निरंजनने विचारलं. त्याला दुसऱ्या कशासाठी कुणी फोन करत नसे.

"नेट झकास हाय. एकदा पडलेलं न्हाई. सगळ्या खुर्च्या भरल्यात."

"मग?"

"चहाला कुणी येईना." अक्का सांगू लागल्या. "सुरवातीला यायची. मग एक कमी झालं, दोन कमी झाली. आता मी घंटा वाजवते आणि टेबलाशी एकटीच बसते. सगळी समोर दिसतात. कानाला ते लावून बोलत असतात. मी ओठ वाचते. कोण कुणाला काय सांगतंय समदं कळतंय मला, वाळिंबेसाहेब, फक्त माझ्याशी कुणी बोलत न्हाई."

"अक्का, हा काही जालाचा दोष नाही. माणसं कामात असतात."

"असंल. म्हणून तर सांगायला फोन केला. दिवाळी झाली की मी मुलीकडं जाते, हॅम्बुर्गला. शेड कुणाला तरी चालवायला देते. एकटीनंच चहा प्यायचा तर तिथं प्याला काय आणि इथं प्याला काय. म्हटलं, तुम्ही एवढं केलंत, तुमच्या कानावर घालावं."

दुसऱ्या दिवशी निरंजन इचलकरंजीत होता. कंपनीला त्याने सांगितलं, की जालाची नेहमीची तपासणी करायची आहे. स्वतःलाही तेच सांगितलं.

चारच्या सुमाराला तो शेडमध्ये आला तेव्हा तिथे टाचणी पडली तर ऐकू येईल अशी शांतता होती. अक्कांचा चेहरा त्याला पाहून उजळला. त्यांनी घंटा वाजवली. दुबईच्या मुलांना शिकवणारी कल्याणी हुक्केरी खुर्ची मागे सारून अर्धवट उठली, पडद्याकडे बघितलं आणि परत बसली. धडा पाठवणं जवळजवळ पूर्ण होत आलं होतं. एवढं होऊ दे, मग जाऊ. आराखडे काढणाऱ्या सुकुमार उपाध्येचं उलटंच झालं. दुपारभर रखडत असलेला भला मोठा आराखडा नेमका त्याच क्षणी सरकन उघडला. असा मुहूर्त सोडून चहाला कोण जाईल? तोही बसला. प्रत्येकाला बसून राहायला काहीतरी छोटंसं, अगदी रास्त कारण मिळालं. नंतर ते उठले, पण एकेक करून. एक जण कप भरून जागेवर पोचला की मग दुसरा. वाटेत कुणाची कुणाशी गाठ पडली नाही. धक्का लागला नाही, हसणं झालं नाही.

टेबलाशी दोघंच बसली होती, अक्का आणि निरंजन. त्याने सवयीने हातातल्या टॅबवर जालाची प्रकृती पाहिली. इतका उत्तम आकडा या जागेने कधीच दाखवला नव्हता. क्षणभर त्याला अभिमान वाटला. दुसऱ्याच क्षणी त्याचं लक्ष वेळेकडे गेलं: तो आकडा नेमका चार वाजता, तो स्टुलावर बसल्या बसल्या वर चढला होता.

*

डॉ. रझिया मुजावर या कोल्हापुरात लहरीशास्त्र शिकवायच्या. जालाची शिकण्याची रीत मूळ त्यांचीच. निरंजनने पाठवलेली माहिती पाहून त्या सरळ गाडी काढून आल्या. शेडभर एक चक्कर मारून त्यांनी निरंजनला बाहेर अंगणात नेलं.

"वाळिंबे, एक सांगा. शिकवताना हॉलमध्ये किती माणसं होती?"

"मी."

"नुसते तुम्ही?"

"चार वाजता अक्का यायच्या. चहा घेऊन."

रझियाबाईंनी कपाळाला हात लावला. "झालं तर मग. अहो, जालाला आपण एकच काम दिलंय. आदर्श स्थितीच्या जितकं जवळ राहता येईल तितकं राहा. आणि तुम्ही त्याला आदर्श म्हणून काय दाखवलंत? मोकळा हॉल, त्यात एक माणूस. चार वाजता दोन."

"पण जाल माणसांना हलवू शकत नाही. त्याच्या हातात फक्त वेग आहे. कुणाला थोडा जास्त, कुणाला थोडा कमी."

"तेवढं पुरतं. माणूस खुर्चीतून कधी उठतो? काम संपलं की, नाहीतर अडलं की. दोन्ही गोष्टी नेटवर अवलंबून. कुणीही त्याला शिकवलं नाही, ते चाचपडत शिकलं. इथे अर्धा क्षण रोखलं तर ही बाई बसते, तिथे थोडं मोकळं सोडलं तर तो गृहस्थ बसतो. दोन माणसं एकत्र उभी राहिली की त्यांच्या देहछाया मिळून मोठी आडकाठी होते. म्हणून ती एकत्र येऊच नयेत अशी सोय त्याने केली. सगळ्यांना एकेकटं ठेवलं, म्हणजे प्रत्येकाभोवती हॉल मोकळाच. तुम्ही होता तसा."

समोर रस्त्यावर एक टेम्पो मागे-पुढे करत वळत होता.

"आणि चार वाजता," रझियाबाई जरा हळू आवाजात म्हणाल्या, "टेबलाशी दोघंच हवीत असं त्याने धरून ठेवलंय. त्यातले एक तुम्ही. काल तुम्ही येऊन बसलात आणि चित्र पुरं झालं."

निरंजनला वाटलं होतं की ते चहाचे दिवस आपल्याशिवाय कुणाच्या लक्षात नसतील. लक्षात ठेवणारं एक होतं म्हणायचं, ते जाल. आणि त्यानेच अक्कांच्या टेबलाभोवतीची सगळी माणसं उठवून लावली होती.

"उपाय?"

"जुनी आदर्श स्थिती पुसायची. पुन्हा पहिल्यापासून शिकू द्यायचं, खऱ्या माणसांत. शिकत असताना जाल कुणाला रोखत नाही, नुसतं बघतं. नेट तेवढे दिवस रडतखडत चालेल, लोक कुरकुरतील. पण एक पथ्य आहे." त्यांनी निरंजनकडे पाहिलं. "तुम्ही आत पाऊल टाकायचं नाही. नाव कळत नसलं तरी उठण्याबसण्याच्या ढबीवरून तुमची छाया जालाला सगळ्यांत पाठ आहे, आणि पुसलं तरी तिचा थोडा ठसा मागे उरतो. ती दिसली की जुनं चित्र परत डोकं वर काढील. शिकणं पुरं होईपर्यंत तुम्ही इथे नकोत."

अक्कांना सांगायचं काम निरंजनवर आलं. त्याने काही लपवलं नाही.

"तुमचा चहा मी बंद पाडला, अक्का. माझ्या चुकीने."

अक्कांनी सगळं ऐकून घेतलं. रागावल्या नाहीत. "आणि आता नेट रडाया लागल्यावर ती येतील?"

"येतील. काम अडलं की उठतील. पण खरं सांगू का, हे काही खरं येणं नाही. नेट थांबलं म्हणून येणार, तुमच्यासाठी नाही."

"अहो, मागं तरी कोण माझ्या सासऱ्यासाठी यायचं?" अक्का म्हणाल्या. "स्विच ओढला, माग थांबला, म्हणून यायची. यंत्र थांबल्याबगर माणूस उठत न्हाई. पण आल्यावर बसायची ती मनानं बसायची. कुणाच्या लेकीचं लग्न तिथंच ठरायचं, कुणाचं भांडण तिथंच मिटायचं." मग त्यांनी विचारलं, "आणि तुम्ही कधी येतासा?"

"मी नाही येऊ शकत. मी आलो तर बिघडेल."

अक्का त्याच्याकडे बघत राहिल्या. त्या ओठ वाचणाऱ्या बाई होत्या. न बोललेलं त्यांना किती वाचता येत होतं कुणास ठाऊक.

निरंजनने अंगणात उभं राहूनच पुसण्याची आज्ञा दिली. टॅबने विचारलं, नक्की? त्या दिवसांचा दुसरा पुरावा जगात नव्हता. मग त्याने होकार दाबला आणि संध्याकाळच्या बसने पुण्याला गेला.

*

त्यानंतर रोज चार वाजता निरंजन, असेल तिथे, टॅब उघडून बसायचा. कामाचा भागच होता तो. पडद्यावर शेडचा नकाशा आणि त्यावर ठिपके.

सुरुवातीला चार वाजता दोनच ठिपके उठले. मग चार. नेट रडत होतं, लोक वैतागत होते, आणि वैतागलेल्या माणसाला दुसऱ्या वैतागलेल्या माणसाशी बोलल्याशिवाय राहवत नाही. हळूहळू टेबलाभोवती ठिपक्यांचं कडं होऊ लागलं. ते कडं जास्त वेळ टिकू लागलं. निरंजनला आवाज येत नव्हता, चेहरे दिसत नव्हते, पण एखादा ठिपका हसताना हलतो तसा हलला की त्याला कळायचं. तो एकटाच हसायचा. आता आपण एकटे असताना बोलतो हे माहीत असल्याने तो अधूनमधून बोलायचाही.

एक गोष्ट मात्र त्याला रोज टोचायची. कडं कधी पूर्ण व्हायचं नाही. खांबाजवळ, जिथे त्याचं स्टूल होतं, तिथे फट राहायची. माणसं दाटीवाटीने उभी राहायची, पण ती जागा सोडून. अडचणीची जागा, खांब पाठीला लागतो, कोण बसणार तिथे, असं त्याने स्वतःला समजावलं. आपण बसायचो तीच जागा नेमकी कुणाला नको आहे, याचं त्याला वाईट वाटलं. मोठ्या माणसाने वाईट वाटून घ्यावं अशी ती गोष्ट नव्हती, तरी वाटलं.

जालाने त्या फटीचा उपयोग मात्र झकास करून घेतला. एवढी माणसं एका टेबलाभोवती दाटली तरी खांबावरच्या पेटीला हॉलभर पोचायला एक स्वच्छ वाट मिळत होती, आणि ती रोज, न चुकता मिळत होती. नवं जाल शिकलं तेव्हा त्याने चार वाजताच्या सगळ्या शलाका त्या एका फटीतून ओवून घेतल्या. निरंजनने इतकी सुबक जुळणी पाहिली नव्हती. त्याने शिक्का मारला: आदर्श स्थिती. आता चार वाजले की जाल स्वतःच सगळ्यांची कामं अंमळ रखडवून त्यांना खुर्चीतून उठवणार होतं.

"पथ्य संपलं," रझियाबाईंनी फोनवर सांगितलं. "आता गेलात तरी चालेल. जुनं काही उरलेलं नाही."

जायला कारणही उरलं नव्हतं. नेट उत्तम होतं. उत्तम नेट असलेल्या जागी निरंजन वाळिंबेला कोण बोलावणार? दिवाळी आली आणि गेली. अक्का हॅम्बुर्गला गेल्या नाहीत हे त्याला ठिपक्यांवरून कळलं; किटली घेऊन येणारा ठिपका रोज स्वयंपाकघराच्या दारातून निघायचा, चालताना डावीकडे किंचित झुकायचा.

मग एका सकाळी फोन वाजला. "तुमचं ते शिकणं संपलं का न्हाई अजून?" अक्कांनी विचारलं.

"केव्हाच संपलं."

"मग येत का न्हाईसा?"

त्याने बस धरली.

तो शेडमध्ये शिरला तेव्हा चार वाजत होते. अक्कांनी घंटा वाजवली, पण ती वाजायच्या आधीच माणसं उठू लागली होती. कल्याणी कुणाला तरी चिडवत होती. सुकुमारच्या हातात घरून आणलेला चिवड्याचा डबा होता. निरंजन मागे, दाराशीच उभा राहिला. ठिपक्यांपेक्षा माणसं बरीच मोठी आणि गोंगाटाची निघाली.

"हेच का ते?" कल्याणी म्हणाली. "या की सर. रोज तुमच्यापायी आम्ही एकमेकांच्या पायावर उभं राहतोय."

"म्हणजे?"

तिने खांबाकडे बोट केलं. स्टूल जागच्या जागी होतं. त्यावर धुतलेला पंचा घडी करून ठेवला होता आणि पंच्यावर एक कप पालथा.

"अक्का बसू देत नाहीत कुणाला तिथं," सुकुमार म्हणाला. "मी एकदा बसलो होतो, उठवलं मला. म्हणाल्या, माणूस गावाला गेलाय, येईल."

निरंजनने पालथ्या कपाकडे पाहिलं. इतके दिवस तो रोज ती फट बघत होता. नकाशात जे कुणाला नकोसं दिसत होतं ते कुणीतरी राखून ठेवलेलं होतं. ठिपक्यांवरून दोन्ही सारखीच दिसतात.

अक्कांनी पंचा उचलला, कप सुलटा केला, भरला. "बसा."

तो बसला.

प्रथम कल्याणीशेजारच्या एका मुलीचं फोनवरचं बोलणं तुटलं. मग सुकुमारने फोन हलवून पाहिला. मग टेबलाभोवती एकेक करत सगळ्यांनी आपापले फोन वर धरले, आणि हॉलच्या टोकाशी कुणाचा तरी संगणक निषेधाचा सूर काढून गप्प झाला. 'शेजार'चं नेट गेलं होतं. नवीन जाल शिकून तयार झाल्यापासून पहिल्यांदाच, आणि सगळं एकदम.

निरंजनने टॅब बघितला. त्यावर लाल अक्षरं होती: अनपेक्षित देहछाया. जागा, चहाचं टेबल.

त्याला समजायला वेळ लागला नाही. चार वाजता ही जागा मोकळीच असते, हे जालाने पाठ केलं होतं. त्या विश्वासावर त्याने सगळ्यांच्या शलाका इथून ओवल्या होत्या. आणि आता नेमकं तिथेच पाण्याने भरलेलं एक धूड येऊन बसलं होतं, चहाचा कप हातात धरून. नवी जुळणी करायची तर जालाला पार संध्याकाळ होणार होती. नाहीतर अगदी सोपा उपाय होता.

त्याने कप टेबलावर ठेवला आणि तो उठू लागला. गेली कित्येक वर्षं तो गावोगाव हेच करत आला होता. काम नीट चालावं म्हणून तिथून निघून जायचं.

"कुठं निघालासा?" अक्का म्हणाल्या.

"अक्का, मी मध्ये आलोय. मी उठलो की चालू होईल."

अक्कांनी सभोवार पाहिलं. सगळी तिथेच उभी होती. जागेवर परत जाऊन करायला कुणाकडे काही नव्हतं. कुणीतरी चिवड्याच्या डब्यात हात घातला होता, कुणीतरी दूर पडलेली एक खुर्ची ओढून आणत होतं.

"म्हणून तर म्हणते," अक्कांनी किटली उचलली, "बसा."

निरंजनने टॅब पालथा घातला आणि कप पुढे केला.